कोटणीस, भोर आणि आपलं 'सिव्हिल'

सोलापूरकरांना डॉ. द्वारकानाथ कोटणीस वेगळे सांगायला नकोत. १९१० साली सोलापुरात जन्म, मुंबईच्या जी. एस. मेडिकलला शिक्षण, १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात सापडलेल्या चीनला, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच मृत्यू. वय अवघं ३२! औषधं अपुरी, झोप नाही, अपस्माराचे झटके यायचे, तरी काम चालूच. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला आणि कोटणीस घराघरात पोचले.

गंमत बघा, त्याच १९४६ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. हे भोरसाहेबही आपलेच, जन्म नाशिकचा. अहवालातले आकडे सरळ होते : ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, ४३,००० माणसांमागे एक नर्स. उपायही सांगितला होता : दर दहा-वीस हजार वस्तीमागे ७५ खाटा, आणि पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडता कामा नये.

म्हणजे एकाच वर्षी आपल्याला एक हिरो मिळाला आणि एक हिशोब मिळाला. आपण हिरो तेवढा ठेवून घेतला.

सोलापूरला १९६३ मध्ये मेडिकल कॉलेज झालं. आज धाराशिवपासून कर्नाटकातल्या गावांपर्यंतचे पेशंट 'सिव्हिल'ला येतात. कुठल्याही सरकारी हॉस्पिटलात जागा भरल्या नाहीत म्हणून पेशंट यायचे थांबत नाहीत, ते काम उरलेल्यांच्या अंगावर पडतं. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत सलग ड्युटी साधारणपणे १२ तासांपेक्षा जास्त नको, असं लिहिलंय. कुठल्याही रेसिडेंटला हे सांगून बघा, तो हसेल! २०१७ मध्ये धुळ्याच्या सिव्हिलमध्ये डोक्याला मार लागलेल्या पेशंटसाठी न्यूरोसर्जनच नव्हता. मार मात्र ड्युटीवरच्या डॉक्टरने खाल्ला, आणि मग राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावर गेले नाहीत. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करायचं ठरलं होतं. २०२५ सरलं, अडीच टक्के काही झाले नाहीत.

आमच्या आयटीतही रात्रभर जागून सर्व्हर उभा करणाऱ्याला शाबासकी मिळते, आणि टीममध्ये माणसं वाढवायचा विषय तिथेच संपतो. पण आमच्याकडे फार तर वेबसाइट बंद पडते...

कोटणीस युद्धात होते, त्यांना पर्याय नव्हता. शांततेच्या काळात दुसऱ्यांना तसंच राबवायचं, याला कोटणीसांचा आदर्श म्हणू नये. त्याला पैसे वाचवणं म्हणतात.