वत्सला की शशिरेखा

भैंशात कापसाचा हंगाम सुरू झाला की आजोबा अडतीवरून घरी यायचे ते अंगभर रुईचे तंतू घेऊन. पाय धुवायचे, ओट्यावर टेकायचे आणि कालचा वाद जिथे सुटला होता तिथून पुन्हा उचलायचे. कापसाचा भाव अडतीवरच राहायचा. ओट्यावर बोलणं असायचं ते पुस्तकांचं आणि सिनेमांचं. शेजारच्या तेलुगू अम्मा त्यांच्या दारातून त्यात भाग घ्यायच्या. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. हे सगळं ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

आजीची बाजू ठरलेली : ‘श्यामची आई’. तिला वाचता येत नव्हतं. सासरी आल्यावर आजोबांनी ते पुस्तक तिला रात्री कंदिलाच्या उजेडात वाचून दाखवलं होतं, रोज एक रात्र. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ असंच म्हटलं. त्यामुळे आजीला वाटायचं, हे पुस्तक असंच ऐकायचं असतं. त्यावरचा आचार्य अत्र्यांचा सिनेमा 1953 साली आला. पुढच्याच वर्षी राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. आजोबांनी तिला नांदेडला नेऊन तो दाखवला. नांदेड म्हणजे तेव्हा आमचं जिल्ह्याचं गाव, कारण भैंसा मुधोळ तालुक्यात आणि मुधोळ नांदेड जिल्ह्यात.

आजी त्या सिनेमात खूप रडली. आई झालेल्या वनमालाबाईंचा चेहरा तिला शेवटपर्यंत आठवत होता. पण तक्रारही होती. पुस्तकात श्याम रोज संध्याकाळी आश्रमातल्या मित्रांना गोष्ट सांगतो आणि आई थोडी थोडी करून कळत जाते. एक दिवस मध्ये जातो, तेवढ्या वेळात आपण तिचा विचार करतो. ‘‘सिनेमात एका बैठकीत ती आली अन् गेली,’’ आजी म्हणायची. ‘‘मला तिला इतक्या लवकर सोडायचं नव्हतं.’’ पुस्तकावरच्या सिनेमाबद्दल मी नंतर बरीच समीक्षा वाचली. वेळेचा हा मुद्दा इतका नेमका कुणी मांडलेला मला आठवत नाही.

1956च्या 1 नोव्हेंबरला जिल्हा आमच्या पायाखालून सरकला. हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. नांदेड मुंबई राज्यात गेलं, पण मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं अलीकडे आंध्र प्रदेशात राहिली आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. घर तेच, ओटा तोच, आजीचं माहेर मात्र दुसऱ्या राज्यात. (2016पासून आम्ही निर्मल जिल्ह्यात आहोत, पण जुनी माणसं अजून आदिलाबादच म्हणतात.)

आणि पाचच महिन्यांत, 1957च्या मार्चमध्ये, के. व्ही. रेड्डींचा ‘मायाबजार’ आला. आजीला तेलुगू बाजारापुरतं यायचं. पण ही गोष्ट तिला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. अभिमन्यूला बलरामाची मुलगी हवी, तिचं लग्न दुर्योधनाच्या लक्ष्मणाशी ठरतं, घटोत्कच येऊन सगळा घोळ घालतो. हे वत्सलाहरण तिने लहानपणी रात्र रात्र जागून पाहिलं होतं. व्यासांच्या महाभारतात ही कथा नाही. लोकांनीच ती रचली आणि आपापल्या भाषेत वाढवली. पडद्यावर मात्र त्या मुलीला सगळे शशिरेखा म्हणत होते. आजी चक्रावली. घरी येऊन तिने अम्मांना जाब विचारला, ‘‘आमच्या वत्सलेचं नाव कशाला बदलूलालाव?’’

अम्मांनी उलट विचारलं की, आमच्या शशिरेखेला तुम्ही वत्सला का म्हणता?

हा वाद तीसेक वर्षं चालला. दोघींनी तो सिनेमा किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही. एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, ते म्हणजे शशिरेखा झालेली सावित्री. घटोत्कच शशिरेखेचं रूप घेतो तेव्हा सावित्री नाजूक मुलीच्या अंगात राक्षस शिरल्यासारखी चालते, घटोत्कच झालेल्या रंगारावांसारखी मान ताठ करते. आजी ते करून दाखवायची. नऊवारीचा काष्टा आवळून ती ओट्यावरून दोन दमदार पावलं टाकायची आणि एकदम लाजून पदर सावरायची. समोर अम्मा हसता हसता खाली बसायच्या.

आजोबांचा वाद वेगळा आणि जास्त दुखरा होता. ते निजामी अमलातल्या शाळेत उर्दूत शिकलेले. कृश्न चंदरांची ‘जब खेत जागे’ ही तेलंगणातल्या शेतकरी लढ्यावरची कादंबरी त्यांनी मूळ उर्दूत वाचली होती. 1979 साली गौतम घोष या बंगाली दिग्दर्शकाने तिच्यावर तेलुगूत ‘मा भूमि’ केला.  तो दाखवायला काका त्यांना निजामाबादला घेऊन गेले. आजोबा परतले ते गप्प. दोन दिवसांनी म्हणाले, ‘‘राघवरावाचा रामय्या का केला?’’

कादंबरीतला राघवराव तुरुंगात फाशीची वाट पाहत मागचं सगळं आठवतो. सिनेमातला रामय्या आपल्यासमोर वाढतो, गाव सोडून हैदराबादला जातो, शिकून परततो. काका म्हणायचे, त्यामुळेच तो आपला वाटतो. आजोबांना ते पटायचं नाही. मरण ठाऊक असलेला माणूस जे आठवतो त्याचं वजन वेगळं असतं, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा काका बरोबर वाटायचे. आता आजोबांच्या बाजूने बोलावंसं वाटतं, कारण आठवणी सांगणारी ती सगळी माणसं गेली आहेत.

त्यांची ती उर्दू प्रत माझ्याकडे आहे. वर्तमानपत्राचं कव्हर, कडा वाळवीने खाल्लेल्या. गेल्या पावसाळ्यात मी एका निवृत्त मास्तरांकडे उर्दू अक्षरं गिरवायला सुरुवात केली. वाक्यं अजून हाती लागत नाहीत. पण पानावर बोट फिरवताना एक नाव ओळखता येतं : रे, अलिफ, गाफ, दोचष्मी हे, वाव. जरा जागा सोडून पुन्हा रे, अलिफ, वाव. राघवराव.