शहाजोग

माझ्या धाकट्या जावेने सहा वर्षं एका संकेतस्थळावरून कांदा-लसणाशिवायचे मसाले विकले. गोडा मसाला, मेतकूट, सांबार मसाला. एका सकाळी तिचं खातं बंद. कारण विचारलं तर ‘नियमभंग’ एवढंच उत्तर. कुठला नियम, ते कुणी सांगेना. शेकडो गिऱ्हाइकांनी दिलेले तारे, दोन-दोन ओळींचे अभिप्राय, सगळं खात्याबरोबर गेलं. ती म्हणाली, “ताई, मिरची माझी, कांडप माझं, हात माझे. नाव तेवढं त्यांच्या गोदामात होतं.”

नाव ठेवायचं कुठे, हा प्रश्न आपल्या इंदूरला नवा नाही. रात्री ज्या सराफ्यात आपण खायला जातो, तिथल्या पेढ्यांवर एके काळी हुंड्यांचा व्यवहार चाले. हुंडी म्हणजे कागदाचा एक तुकडा. इथल्या पेढीने लिहायची, मुंबईच्या पेढीने पैसे द्यायचे. दर्शनी असेल तर दाखवताच, मुदती असेल तर ठरल्या दिवशी. एकीकडे हरवली तर ‘पेठ’ म्हणून दुसरी प्रत मिळे, तीही हरवली तर ‘परपेठ’. यातला मला सर्वांत आवडलेला प्रकार ‘शहाजोग’ हुंडीचा. तिचे पैसे कुणाही अनोळखी माणसाच्या हातात पडत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्याच मार्फत ते घ्यावे लागत. हुंडी चोरीची किंवा खोटी निघाली, तर ती रक्कम शहाने परत करायची.

हा शहा कोण, हे ठरवणारं सरकारी कार्यालय नव्हतं. बाजार ठरवी. 1881 मध्ये इंग्रज सरकारने चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतल्या हुंड्यांची स्थानिक वहिवाट त्याने मोडली नाही.

आता अमेरिकेकडे वळू या, कारण तिथे 1991 साली हाच प्रश्न संगणकावर उभा राहिला. फिल झिमरमन यांनी पीजीपी नावाची प्रणाली लोकांना फुकट दिली. तिच्यात प्रत्येकाच्या दोन किल्ल्या: एक उघडी, सगळ्यांना वाटायची, दुसरी गुप्त, जवळ ठेवायची. माझ्या उघड्या किल्लीने तुम्ही पत्र कुलूपबंद केलंत, तर ते माझ्या गुप्त किल्लीनेच उघडेल. हे गणित पक्कं होतं. पण ही उघडी किल्ली खरंच त्याच बाईची, हे कशावरून? यावर एका मोठ्या संस्थेने सगळ्यांवर शिक्का मारावा, हा एक मार्ग. झिमरमन यांनी दुसरा घेतला: ओळखीच्यांनी एकमेकांच्या किल्लीवर सही करायची. मी तुम्हाला ओळखते, तुम्ही तिला ओळखता, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवते. त्याला ‘विश्वासाचं जाळं’ म्हणू लागले. माणसं एकत्र जमत, एकमेकांची ओळखपत्रं बघत, किल्लीची खूण ताडून पाहत आणि मग सही करत. डेबियन ही संगणकप्रणाली घडवणारे लोक आजही नव्या सहकाऱ्याला अशाच सह्यांवर ओळखतात.

सर्वसामान्यांत मात्र ते जाळं पसरलं नाही. एक तर वापरायला किचकट. दुसरं दुखणं 2019 मध्ये उघडं पडलं. कुणाच्याही किल्लीला कुणीही सही चिकटवू शकत होतं आणि किल्ल्या साठवणाऱ्या यंत्रांवरून ती पुसता येत नव्हती. कुणीतरी दोन जाणत्यांच्या किल्ल्यांवर हजारो निरर्थक सह्यांचा ढीग टाकला आणि त्या किल्ल्या वापरण्याजोग्या राहिल्या नाहीत. शहाच्या शब्दामागे त्याची तिजोरी होती. इथे सही फुकट होती.

आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. लग्न होऊन बेळगावहून इथे आले तेव्हा माझं आडनाव बदललं, ओळख शून्य. माहेरी मी हिशेबाला चोख म्हणून प्रसिद्ध; ते इथे कुणाला माहीत? सासूबाईंच्या भिशीत बारा बायका. एकीने स्पष्टच विचारलं, “नवी मुलगी पहिली उचल घेऊन बसली तर?” सासूबाई म्हणाल्या, “हिचे हप्ते बुडले तर मी भरीन.” सराफ्यातल्या पेढीवर त्यांच्या नावाला कुणी शहा म्हटलं नसतं. त्या दिवशी माझ्यापुरत्या त्या शहा झाल्या. तरी पहिल्या वर्षी माझी उचल शेवटी ठेवली, आणि ते बरोबरच होतं.

2022 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने विकेंद्रित ओळखीचं मानक मंजूर केलं. आपली ओळख आपल्या ताब्यात, गिऱ्हाइकाने दिलेला दाखला त्याच्याच सहीने आपल्याजवळ. दुकान बदललं तरी तो सोबत यावा, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो. पण असं काही बांधणाऱ्यांना मी तीनच गोष्टी विचारीन. खोटी साक्ष दिली तर साक्षीदाराचं काय जातं? एकदा लागलेला डाग कधी पुसतो का? आणि जिच्यासाठी बोलणारी सासू नाही, त्या नव्या बाईने आत यायचं कसं?

जाऊबाईंनी सध्या एक वही घातली आहे. जुनी गिऱ्हाइकं शोधून प्रत्येकीकडून दोन ओळी आणि सही घेते. पहिल्या पानावर मी लिहिलं: मसाला खराब निघाला तर पैसे माझ्याकडून घ्यावेत. खाली सही केली, पत्त्यासकट.