झटपट कॉर्नर (लिव्हरपूल–बार्सेलोना, २०१९)

झटपट कॉर्नर या नावाने ओळखला जाणारा गोल ७ मे २०१९ रोजी इंग्लंडमधील ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल आणि बार्सेलोना या संघांमध्ये झालेल्या युएफा चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात नोंदवला गेला. ७९व्या मिनिटाला ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डने बार्सेलोनाचा बचाव सज्ज होण्यापूर्वीच कॉर्नर किक घेतली आणि बेल्जियमचा आघाडीपटू दिवोक ओरिगी याने ती पहिल्याच स्पर्शात गोलमध्ये धाडली. या गोलमुळे लिव्हरपूलने सामना ४–० असा आणि दोन सामन्यांची एकत्रित लढत ४–३ अशी जिंकली. सेट पीसच्या वेळी, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरून खेळ पुन्हा सुरू होताना, बचाव करणाऱ्या संघाने राखावयाची सावधानता आणि अशा गोलचा दोष नेमका कोणाचा या चर्चेत हे उदाहरण वारंवार दिले जाते.

पार्श्वभूमी

१ मे २०१९ रोजी काम्प नोऊ येथे झालेला पहिला सामना बार्सेलोनाने ३–० असा जिंकला होता. लुईस सुआरेझने एक आणि लिओनेल मेस्सीने दोन गोल केले होते. परतीच्या सामन्यात लिव्हरपूलचे मोहम्मद सलाह आणि रॉबेर्तो फिर्मिनो हे दोन प्रमुख आघाडीपटू दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत. ओरिगीला संघात स्थान मिळाले ते त्यामुळेच. त्याने सातव्या मिनिटाला पहिला गोल केला. मध्यंतरानंतर बदली खेळाडू म्हणून आलेल्या जॉर्जिनियो वाइनाल्डमने ५४व्या आणि ५६व्या मिनिटाला गोल करून एकत्रित गुणफलक ३–३ असा बरोबरीत आणला.

त्या काळी युरोपीय स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलांना बरोबरीच्या प्रसंगी अधिक महत्त्व देणारा नियम लागू होता (तो २०२१–२२ च्या हंगामापासून रद्द झाला). बार्सेलोनाने ॲनफिल्डवर एक गोल केला असता, तर लिव्हरपूलला आणखी दोन गोल करावे लागले असते. त्यामुळे ३–३ अशा स्थितीतही बार्सेलोनाची बाजू पूर्णपणे ढासळलेली नव्हती, आणि ७९व्या मिनिटाचा गोल समजून घेताना ही गोष्ट विसरता येत नाही. तो संघ हरलेला नव्हता, बेसावध होता.

घटना

उजव्या बाजूने पुढे आलेल्या अलेक्झांडर-आर्नोल्डचा चेंडू बार्सेलोनाच्या बचावपटूला लागून गोलरेषेबाहेर गेला व लिव्हरपूलला कॉर्नर मिळाला. मैदानाच्या कडेला चेंडू देण्यासाठी नेमलेल्या मुलाने दुसरा चेंडू तत्काळ पुरवला. अलेक्झांडर-आर्नोल्डने तो कोपऱ्यातील कमानीत ठेवला आणि झेरदान शाकिरी कॉर्नर घेण्यासाठी येत असल्याने तो तेथून दूर जाऊ लागला. दोन-चार पावले गेल्यावर त्याची नजर पेनल्टी क्षेत्राकडे वळली. बार्सेलोनाचे बहुतेक खेळाडू आपापल्या जागी परतत होते, काहींची पाठ चेंडूकडे होती, आणि ओरिगी मोकळा उभा होता. अलेक्झांडर-आर्नोल्ड मागे वळला व त्याने जमिनीलगतचा वेगवान चेंडू थेट ओरिगीकडे पाठवला. ओरिगीने उजव्या पायाने तो जाळ्यात मारला. गोलरक्षक मार्क-आंद्रे टेर श्टेगन आणि मध्यबचावपटू जेरार्ड पिके यांना धोका कळला तेव्हा वेळ निघून गेली होती.

हा प्रकार इतका अनपेक्षित होता की लिव्हरपूलचे प्रशिक्षक युर्गन क्लॉप यांनाही कॉर्नर घेतला जाताना दिसला नाही. आपण फक्त चेंडू जाळ्यात जाताना पाहिला, असे त्यांनी सामन्यानंतर सांगितले. त्या वेळी २० वर्षांच्या असलेल्या अलेक्झांडर-आर्नोल्डने ही कृती उत्स्फूर्त असल्याचे म्हटले. मात्र ती पूर्णपणे योगायोगाची नव्हती. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, खेळ थांबल्यावर बार्सेलोनाच्या खेळाडूंचे लक्ष विचलित होते हे लिव्हरपूलच्या विश्लेषकांनी हेरले होते आणि चेंडू देणाऱ्या मुलांना त्वरेने चेंडू पुरवण्याच्या सूचना होत्या.

नियमांची बाजू

फुटबॉलच्या नियमावलीतील सतरावा नियम कॉर्नर किकसंबंधी आहे. चेंडू कोपऱ्यातील कमानीत स्थिर असला पाहिजे आणि बचाव करणाऱ्या खेळाडूंनी त्या कमानीपासून किमान ९.१५ मीटर अंतर राखले पाहिजे. चेंडूला लाथ लागून तो स्पष्टपणे हलला की खेळ सुरू झाला असे मानतात. सर्वसाधारण परिस्थितीत कॉर्नर घेण्यासाठी पंचांनी शिटी वाजवण्याची आवश्यकता नसते. शिवाय कॉर्नरवरून थेट मिळालेल्या चेंडूवर ऑफसाइड धरला जात नाही. त्यामुळे तुर्कस्तानचे पंच जुनेत चाकिर यांनी गोल ग्राह्य धरला, यात वादाला जागा नव्हती. बचावाच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे: चेंडू बाहेर गेल्यावर मिळणारी उसंत नियमाने दिलेली नसते, ती प्रतिस्पर्ध्याच्या संथपणामुळे मिळत असते.

बचावातील त्रुटी

कॉर्नरविरुद्धच्या बचावाच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. झोनल मार्किंगमध्ये प्रत्येक बचावपटूकडे गोलसमोरील एक ठरावीक जागा सोपवलेली असते. मॅन मार्किंगमध्ये प्रत्येकाकडे एक प्रतिस्पर्धी खेळाडू. बहुतेक मोठे संघ या दोहोंचे मिश्रण वापरतात: उंच व हेडरमध्ये तरबेज असलेले काही जण जवळच्या खांबापासून गोलच्या मध्यापर्यंत जागा सांभाळतात, तर उर्वरित खेळाडू धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांना अडवतात. आखूड कॉर्नर रोखण्यासाठी एखादा खेळाडू कोपऱ्याच्या दिशेने पुढे उभा केला जातो. गोलरक्षक आवाज देऊन ही मांडणी पक्की करून घेतो.

या सर्व पद्धतींमध्ये एक सामाईक उणीव आहे. कोणाची जबाबदारी कोणती हे मांडणी पूर्ण झाल्यानंतरच्या क्षणासाठी ठरलेले असते. चेंडू बाहेर जाणे आणि प्रत्येकजण जागेवर पोहोचणे यांमधल्या सेकंदांसाठी बहुधा कोणालाही नेमलेले नसते. जागा सांभाळणारा खेळाडू त्या जागेकडे चालत असतो, आणि ज्याच्याकडे प्रतिस्पर्धी सोपवला आहे तो त्या प्रतिस्पर्ध्याला शोधत असतो. दोघेही आपले ठरलेले काम करीत असतात, तरीही चेंडूवर नजर ठेवणारा कोणी उरत नाही. ॲनफिल्डवर नेमके हेच घडले. चेंडू आणि ओरिगी यांच्यामधील वाटेत एकही बचावपटू सावध अवस्थेत नव्हता. हेडरसाठी उंच खेळाडू कोठे उभे करायचे, या प्रश्नाचा या गोलशी काहीच संबंध नव्हता. चेंडू जमिनीवरून आला.

म्हणूनच अनेक प्रशिक्षक मांडणीच्या आधी एक प्राथमिक दक्षता शिकवतात. चेंडूच्या सर्वांत जवळ असलेल्या बचावपटूने जागेवर परतण्यापूर्वी चेंडूसमोर जावे, जागेवर जाताना पाठ न करता आडवे किंवा मागे पावले टाकावीत, आणि चेंडू ठेवला गेल्याची सूचना कोणीतरी मोठ्याने द्यावी. हे नियम शालेय संघांनाही शिकवले जातात. त्यामुळेच उपांत्य फेरीतील अनुभवी संघाकडून झालेली ही चूक अधिक बोचरी ठरली.

दोषाची वाटणी

सामन्यानंतरच्या चर्चेत आरंभी व्यक्तींची नावे पुढे आली. ओरिगीच्या जवळ असलेला पिके, क्षेत्राची सूत्रे ज्याच्याकडे असतात तो टेर श्टेगन, तसेच कॉर्नर देणारा बचावपटू यांच्यावर टीका झाली. परंतु दूरचित्रवाणीवरील चित्रण थांबवून पाहिले असता एकाच खेळाडूकडे बोट दाखवणे कठीण जाते. टेर श्टेगनने आवाज दिला असता तर पिके वळला असता. पिके वळलेला असता तर टेर श्टेगनला क्षणभराचा अवधी मिळाला असता. आणि कोणीही चेंडूसमोर उभे राहिले असते तर किक घेतलीच गेली नसती. येथे एकाचे दुर्लक्ष दुसऱ्याच्या दुर्लक्षावर विसंबून होते. सुआरेझने सामन्यानंतर संघावर येणारी टीका सर्वांनी स्वीकारली पाहिजे, अशी भूमिका घेतली आणि चौथ्या गोलच्या वेळी संघ लहान मुलांसारखा भासल्याची खंत व्यक्त केली. प्रशिक्षक एर्नेस्तो वाल्वेर्दे यांनी पराभवाची जबाबदारी आपल्याकडे घेतली.

प्रशिक्षकाच्या जबाबदारीचा मुद्दा आणखी एका कारणाने वजनदार ठरतो. एक वर्ष आधी, १० एप्रिल २०१८ रोजी, उपांत्यपूर्व फेरीच्या परतीच्या सामन्यात रोमाने बार्सेलोनाला ३–० असे हरवून स्पर्धेबाहेर काढले होते. पहिला सामना बार्सेलोनाने ४–१ असा जिंकलेला होता. रोमाचा निर्णायक तिसरा गोल ८२व्या मिनिटाला कोस्तास मानोलासने केला, आणि तोही कॉर्नरवर, जवळच्या खांबापाशी हेडर मारून. दोन्ही गोलांचे तांत्रिक स्वरूप वेगळे असले, तरी लागोपाठच्या दोन हंगामांत तीन गोलांची आघाडी घालवताना शेवटचा घाव कॉर्नरवरच बसावा, हे केवळ एखाद्या खेळाडूच्या डुलकीने स्पष्ट होत नाही.

तत्सम उदाहरण

थांबलेला चेंडू त्वरेने खेळण्याचे आणखी एक गाजलेले उदाहरण डिसेंबर २००४ मधील आर्सेनल–चेल्सी सामन्यातील आहे. थिएरी आन्रीने फ्री किक मिळाल्यावर पंच ग्रॅहम पोल यांच्या संमतीने शिटीची वाट न पाहता चेंडू गोलमध्ये मारला. चेल्सीचा गोलरक्षक पेत्र चेक त्या वेळी खेळाडूंची भिंत लावून घेत होता. तो सामना २–२ असा बरोबरीत सुटला. फ्री किकच्या बाबतीत हल्ला करणाऱ्या संघाने भिंतीचे अंतर मोजून मागितले की शिटीची वाट पाहणे बंधनकारक होते. कॉर्नरवर अशी भिंत नसल्याने बचाव करणाऱ्या संघाला हा आडोसाही सहसा मिळत नाही.

नंतरच्या घडामोडी

चौथ्या गोलनंतरही बार्सेलोनाला अंतिम फेरीसाठी केवळ एक गोल पुरेसा होता, परंतु उरलेल्या वेळात तो झाला नाही. १ जून २०१९ रोजी माद्रिद येथील अंतिम सामन्यात लिव्हरपूलने टॉटनहॅम हॉटस्परला २–० असे हरवून विजेतेपद मिळवले. त्यातील दुसरा गोल ओरिगीचा होता. बार्सेलोनाने २५ मे रोजी कोपा देल रेच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाकडून १–२ असा पराभव पत्करला. वाल्वेर्दे यांना जानेवारी २०२० मध्ये पदावरून दूर करण्यात आले. त्या वेळी बार्सेलोना स्पॅनिश लीगमध्ये अग्रस्थानी होता.