ऑटिझम असलेल्या मुलाचे पोट आणि आतड्यांतील जिवाणूंवरचे उपचार

ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांना बद्धकोष्ठता, पोटदुखी किंवा वारंवार जुलाबाचा त्रास असतो. तिरोडा, आमगाव, देवरीकडचे पालक हल्ली मोबाईल पुढे करून विचारतात, "डॉक्टर, आतड्यातले जंतू बदलले की ऑटिझम बरा होतो म्हणतात, खरं का?" पोटाचा त्रास बरा होऊ शकतो आणि तो करायलाच हवा. ऑटिझम बरा करणारा जिवाणू-उपचार मात्र आज उपलब्ध नाही.

हा विचार आला कुठून?

अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने ऑटिझम असलेल्या १८ मुलांना निरोगी व्यक्तींच्या विष्ठेतून वेगळे केलेले जिवाणू दिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. पोटाच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, वागण्यातही सुधारणा दिसली. व्हॉट्सॲपवरची बातमी इथेच थांबते. पण तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता आणि उपचार चालू आहे हे पालकांना माहीत होते. आशेने पाहणाऱ्याला फरक दिसतोच.

२०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात ऑटिझम असलेली आणि नसलेली मिळून २४७ मुले तपासली गेली. तिथे उलटे चित्र दिसले: ही मुले मोजकेच पदार्थ खातात, म्हणून त्यांच्या आतड्यांतील जिवाणूंची विविधता कमी होते. त्यामुळे ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या महागड्या जिवाणू-तपासणीवर पैसे घालवू नका. तिच्या अहवालावरून उपचार ठरत नाही.

विष्ठा-प्रत्यारोपण घरी कधीही करू नका. २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता: दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाला होता.

प्रोबायोटिक आणि पथ्य

घरचे दही चालत असेल तर जरूर द्या. प्रोबायोटिकच्या पुड्यांनी काही मुलांचे पोट सुधारते, पण पुरावा कच्चा आहे. डॉक्टरांना विचारून महिनाभर देऊन पाहा, फरक नसेल तर थांबवा. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला स्वतःहून देऊ नका.

गहू आणि दूध बंद करण्याचे पथ्यही सांगितले जाते. आपल्या धानाच्या जिल्ह्यात गहू सुटणे अवघड नाही. पण आधीच चार पदार्थ खाणाऱ्या मुलाचे दूधही काढले, तर कॅल्शियम आणि प्रथिने कुठून मिळणार?

आधी बद्धकोष्ठता शोधा

न बोलणारे मूल पोट दुखते हे सांगू शकत नाही. ते टेबलाच्या कडेला पोट दाबते, रात्री उठून रडते, स्वतःला मारून घेते. हे सगळे ऑटिझमच्या खात्यात टाकले जाते आणि खडा झालेली शी आत तशीच राहते. कधी तिच्या कडेने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरचे त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचे औषध देतात आणि त्रास वाढतो.

अशा वेळी डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात. ही औषधे अनेकदा काही महिने लागतात, शी मऊ होताच बंद करू नका. जेवणानंतर रोज ठरलेल्या वेळी पाच-दहा मिनिटे संडासला बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या. अंधारा संडास, फ्लशचा आवाज याची भीती असेल तर आधी ती घालवा. दिवसभर दूध-बिस्किटांवर राहणाऱ्या मुलाचे दूध बेताचे करा आणि वरणभातात चमचाभर भाजी कालवून सुरुवात करा. मूल माती, चुना खात असेल तर रक्तक्षय आणि जंतांची तपासणी हवी.

शीतून रक्त, हिरवी उलटी, फुगलेले पोट, घटणारे वजन किंवा तापासह पोटदुखी असेल तर वाट पाहू नका.

कुठे जावे?

अंगणवाडी आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला मूल दाखवा, पुढची चिठ्ठी तिथून मिळते. गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागातही थेट जाता येते. जाताना आठवडाभराच्या शीची नोंद, चालू असलेली सगळी औषधे, जडीबुटीसुद्धा, आणि मूल दुखत असताना काढलेला मोबाईलवरचा व्हिडिओ सोबत न्या.