छत्तीसगढी डेस्कटॉप आणि ‘वेलँड’चे स्थित्यंतर

रायपूर राजधानी असलेल्या छत्तीसगढ राज्याच्या विधानसभेने २८ नोव्हेंबर २००७ रोजी छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. त्यानंतर थोड्याच काळात ही भाषा संगणकाच्या पडद्यावरही दिसू लागली. रविशंकर श्रीवास्तव ऊर्फ रवि रतलामी यांनी लिनक्सवरील ‘केडीई’ या मुक्त डेस्कटॉपचा छत्तीसगढीत अनुवाद केला. या कार्याला २००९ मध्ये मंथन पुरस्कार लाभला.

त्या वेळी हा डेस्कटॉप ‘एक्स’ या प्रदर्शन प्रणालीवर चालत असे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ मध्ये ‘एक्स’चा जन्म झाला आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. पडद्यावर खिडक्या रेखाटणे आणि कळफलक व माउस यांच्या सूचना योग्य कार्यक्रमापर्यंत पोहोचवणे, हे तिचे काम. मात्र तिच्या रचनेत एका कार्यक्रमाला दुसऱ्या कार्यक्रमात टंकलेला मजकूर टिपता येतो. ही सुरक्षेतील मोठी उणीव होय.

या पार्श्वभूमीवर क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये ‘वेलँड’चा प्रारंभ केला. यात खिडक्यांचे व्यवस्थापन, त्यांची एकत्रित मांडणी आणि प्रदर्शन ही तिन्ही कामे एकच घटक करतो. त्यामुळे ‘केडीई’च्या ‘केविन’ या खिडकी-व्यवस्थापकाची मोठी पुनर्रचना करावी लागली. वेलँडसाठी न लिहिलेले जुने कार्यक्रम ‘एक्सवेलँड’ या दुव्याच्या साहाय्याने चालतात. फेब्रुवारी २०२४ मधील ‘प्लाझ्मा ६’पासून वेलँड हाच मूलनियोजित पर्याय झाला. प्लाझ्माच्या ६.८ या आवृत्तीपासून ‘एक्स’वरील सत्र वगळण्याचा निर्णय केडीईने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला.

भारतीय भाषांच्या दृष्टीने टंकलेखनाचा प्रश्न महत्त्वाचा आहे. इनस्क्रिप्ट कळफलकाची मांडणी दोन्ही प्रणालींत एकाच माहितीसंचातून घेतली जाते. त्यामुळे तिला फारशी बाधा येत नाही. रोमन अक्षरांतून देवनागरी उमटवणाऱ्या साधनांना मात्र वेलँडमध्ये स्वतंत्र संकेतांचा अवलंब करावा लागतो. हे संकेत डेस्कटॉप आणि कार्यक्रम या दोघांनीही स्वीकारलेले नसतील, तर टंकलेखनात अडथळा येतो.

अनुवादित मजकूर स्वतंत्र फायलींत असल्याने प्रदर्शन प्रणाली बदलल्याने तो नष्ट होत नाही. परंतु डेस्कटॉपची पुनर्रचना होताना मूळ इंग्रजी वाक्ये बदलतात. जुना अनुवाद त्यांच्याशी जुळत नाही आणि तेथे पुन्हा इंग्रजी दिसू लागते. हिंदी किंवा मराठीच्या तुलनेत छत्तीसगढीसाठी काम करणारे स्वयंसेवक मोजके असल्याने ही हानी तिला अधिक जाणवते. नव्या तंत्रज्ञानात राजभाषेचे स्थान टिकवायचे, तर अनुवादाचे कार्य प्रत्येक आवृत्तीगणिक चालू राहणे आवश्यक आहे.