शाळा सोडण्याचे कारण

सचिन तेंडुलकर कुठल्या शाळेचा माजी विद्यार्थी? आपण सगळे पटकन ‘शारदाश्रम’ म्हणतो. पण वांद्रे पूर्वेला कुणा जुन्या माणसाला विचारलंत, तर तो थोडा दुखावल्यासारखा सांगेल, आधी आमचा होता हो.

सचिन राहायचा साहित्य सहवासात. ही लेखकांची वसाहत. वडील रमेश तेंडुलकर कवी आणि प्राध्यापक. शाळा घराजवळचीच, इंडियन एज्युकेशन सोसायटीचं न्यू इंग्लिश स्कूल. 1984 मध्ये भाऊ त्याला शिवाजी पार्कला रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. शालेय क्रिकेटमध्ये दबदबा असलेल्या दादरच्या शारदाश्रममध्ये त्याला घाला, असा सल्ला सरांनी दिला. मग 315 नंबरच्या बसने वांद्रे ते शिवाजी पार्क अशा खेपा सुरू झाल्या. पुढे तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडेच राहू लागला.

फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डचा सामना झाला. सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. हैदराबादच्या दोन शाळकरी पोरांनी 2006 मध्ये 721 करेपर्यंत तो विक्रम टिकला. स्कोअरबोर्डवर नाव होतं शारदाश्रमचं. वांद्र्याच्या शाळेकडे राहिली ती जनरल रजिस्टरमधली एक ओळ.

या ओळीचं मला सध्या वेड लागलंय. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत हे रजिस्टर असतं. मूल दाखल झालं की त्याला एक क्रमांक मिळतो. पुढे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा. मूल शाळेतून गेलं की त्याच ओळीत सोडल्याची तारीख, इयत्ता, वर्तणूक आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे ओळ पूर्ण होते. पुढे तुम्ही भारतरत्न व्हा नाहीतर रिक्षा चालवा, त्यासाठी रकानाच नाही. पण ओळ खोडलीही जात नाही. त्यातलं नाव किंवा तारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आम्ही ऑफिसात डेटाबेसवर एवढे पैसे खर्च करून असली शिस्त पाळू शकत नाही.

आणि ही ओळ माणसापेक्षा जास्त जगते. जात पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचा शाळेतला उतारा शोधत फिरणारी मुलं तुम्ही पाहिली असतील, कदाचित स्वतः फिरला असाल. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीचा पुरावा मागतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हाही शाळांची जुनी रजिस्टरं बाहेर निघाली. चौथीत शाळा सोडून शेतावर गेलेल्या कुणा माजी विद्यार्थ्याच्या एका शब्दावर पणतीची मेडिकलची सीट ठरते.

हे सगळं सुचलं त्याला कारण आमच्या बॅचचा ग्रुप. वर्षभरात चार लग्नं, दोन बारशी, एकाचा कॅनडाचा पीआर, एकीची पीएचडी. गेट-टुगेदर ठरलं आणि इंजिनियर म्हणून यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दहावीच्या निकालाची यादी घेतली, शीट बनवली, ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला, ‘यादी बघितली रे. मी नाहीये त्यात.’

सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा तो. राहायचा सरकारी वसाहतीत. वांद्र्यातल्या मुलांना हे गणित ठाऊक असतं, क्वार्टर वडिलांच्या नोकरीची असते. वडील निवृत्त झाले की घर सोडायचं, आणि घरासोबत बहुतेकदा शाळाही. दरवर्षी वर्गातली दोन-तीन पोरं अशी बदलापूर, विरार, नाहीतर थेट गावाला जायची. आम्ही कट्ट्यावर ‘अमका गेला’ म्हणायचो आणि खेळायला लागायचो. आता त्या वसाहतीतली तीसेक एकर जागा उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाला दिली आहे. म्हणजे ज्या बिल्डिंगीखाली उभं राहून ‘इथे राहायचो’ म्हणायचं, त्यांतल्या कित्येक उरणार नाहीत.

मला फार ओशाळल्यासारखं झालं. मी फोन केला. वडील कोविडमध्ये गेले, तो डोंबिवलीला असतो, बँकेत आहे, मुलगी तीन वर्षांची. शाळेत कधी दाखल झाला ते सांगताना त्याने रजिस्टर नंबर तोंडपाठ म्हणून दाखवला. दाखला हरवल्यामुळे दुय्यम प्रतीसाठी दोनदा खेटे घातले होते म्हणे.

मी यादी पुन्हा केली, या वेळी पाचवीच्या वर्गफोटोवरून. फोटोत बासष्ट डोकी, त्यातली चौदा दहावीच्या यादीत नव्हती. शीटमध्ये एक रकाना वाढवला, ‘कितवीत सोडली’. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा रात्री दोनपर्यंत नावं येत होती. अकरा जण सापडले. एकजण साताऱ्यात एसटीत कंडक्टर आहे, एकीचा पुण्यात स्वतःचा क्लास आहे. उरलेल्या तिघांपैकी दोघांची फक्त आडनावं आठवली. दुसऱ्या रांगेत, बाईंच्या उजव्या हाताला, डोळे मिटलेला जो मुलगा आहे, त्याचं काहीच कुणाला सांगता येत नाही. शाळेत विचारायला सोमवारी जाणार आहे.