पेशी : भिंतीपासून पटलापर्यंत

अकरावीच्या जीवशास्त्राच्या वर्गात पेशीच्या पाठाची उजळणी बहुधा एका आकृतीवरून होते. बाहेर पेशीभित्तिका, तिच्या आत पेशीपटल, मध्ये जीवद्रव्य व केंद्रक. आणि त्यानंतर विसरण व परासरण यांच्या व्याख्या. पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, मिठाच्या पाण्यात टाकलेली बटाट्याची फोड लुळी पडते, ही उदाहरणेही ठरलेली. आकृतीत हे सर्व भाग एकाच वेळी दृष्टीस पडतात. त्यामुळे शास्त्रज्ञांनाही ते एकाच वेळी दिसले असावेत, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः भिंत दिसल्याचे १६६५ साली प्रसिद्ध झाले आणि पटल डोळ्यांना दिसले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. तोपर्यंत पटलाचे अस्तित्व केवळ त्याच्या कार्यावरून, म्हणजे वहनावरून, अनुमानाने जाणले गेले. रचना आधी व कार्य नंतर हा पाठ्यपुस्तकाचा क्रम होय. इतिहासाचा क्रम, निदान पटलापुरता तरी, याच्या उलट आहे.

रॉबर्ट हूक यांनी धारदार चाकूने बुचाचा पातळ काप काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना मधाच्या पोळ्यासारखी रिकामी घरे दिसली. त्यांना त्यांनी ‘सेल’ म्हटले. लॅटिन ‘सेल्ला’ म्हणजे लहान खोली. बूच हा वनस्पतीचा मृत भाग. तेव्हा हूक यांच्यापुढे होती ती नुसती घरे, त्यांतील रहिवासी केव्हाच निघून गेलेले! एका घन इंचात अशी घरे १२० कोटींहून अधिक भरतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. हे सर्व पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. परंतु त्याच ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथातील एका शंकेकडे सहसा लक्ष जात नाही. ओल्या वनस्पतींतील घरे रसाने भरलेली हूक यांनी पाहिली होती. मग हा रस एका घरातून दुसऱ्या घरात जातो कसा? सूक्ष्मदर्शकातून वाट दिसेना. तोंडाने फुंकून पाहिले तरी सापडेना. तथापि वाट दिसली नाही म्हणून ती नाहीच, असे म्हणण्यास ते तयार नव्हते. वनस्पतिपेशींच्या भित्तिकांतून आरपार जाणारे जीवद्रव्याचे सूक्ष्म धागे एडुआर्ड टांगल यांनी १८७९ साली दाखविले, त्या वेळी या सावध उद्गाराला दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती.

भिंतीवरून पडलेले नाव पुढे अडचणीचे झाले. १८३८ साली श्लायडेन यांनी वनस्पतींविषयी व १८३९ साली श्वान यांनी प्राण्यांविषयी पेशीसिद्धान्त मांडला; परंतु प्राण्यांच्या पेशींना भित्तिकाच नसते. अखेर १८६१ साली माक्स शुल्ट्झे यांनी पेशी म्हणजे केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा, अशी व्याख्या करून खोलीची कल्पना निकालात काढली. नाव मात्र राहिले. मराठीत या नावाची स्थिती मोठी मौजेची आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘पेशी’ हा शब्द मांसाच्या घटकाला लावलेला असून शरीरात अशा पाचशे पेशी असल्याचे तेथे सांगितले आहे. म्हणजे पेशी हा मुळात मांसाचा गोळा, खोली नव्हे. उलट मराठी विश्वकोशाने स्वीकारलेल्या ‘कोशिका’ या शब्दात कोशाची, म्हणजे वेष्टनाची, कल्पना असल्याने तो ‘सेल’च्या मूळ अर्थाला जवळचा आहे. भाषांतर म्हणून कोशिका सरस ठरेल. पण शुल्ट्झे यांच्या व्याख्येशी जुळणारा शब्द पेशी हाच होय, मग तो जुळला असेल योगायोगाने.

वहनाचा शोध पेशीशी संबंध न येता सुरू झाला. १७४८ साली फ्रान्समध्ये नोले यांनी मद्यार्काने भरलेल्या पात्राचे तोंड मूत्राशयाच्या पडद्याने बांधून ते पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पडदा फुगून आला. टोचताच द्रवाची चिळकांडी उडाली. नोले यांना मुळात कुतूहल होते ते द्रवांच्या उकळण्याविषयी. या घटनेत वनस्पतींच्या रसप्रवाहाचे रहस्य आहे, हे ओळखले ते द्युत्रोशे यांनी, १८२६ च्या सुमारास. ग्रीक भाषेतील ‘रेटा’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी या क्रियेला नाव दिले. मराठीत तिला ‘तर्षण’ असेही म्हणतात. त्याच्या मुळाशी तृष्, म्हणजे तहानणे, हा धातू आहे. ग्रीक शब्दाने पाणी ढकलले, संस्कृत शब्दाने ते ओढून घेतले! ‘परासरण’ या शब्दाने दोन्ही टाळून केवळ सरकणे सांगितले.

१८७७ साली फेफर यांनी सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पटल बनवून परासरणाचा दाब मोजला आणि जिवंत पेशीभोवतीही तसेच पटल असले पाहिजे, असे प्रतिपादिले. ते पाहिले कोणीच नव्हते. त्याच शतकाच्या अखेरीस ओव्हर्टन यांना असे आढळले की, मेदात विरघळणारे पदार्थ पेशीत लवकर शिरतात. त्यावरून पटल मेदासारखे असावे, हे अनुमान निघाले. १९२५ साली गॉर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद पाण्यावर पसरला, तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापून राहिला. म्हणून मेदाचे थर दोन. या मापनात दोन चुका होत्या व त्यांनी परस्परांना खोडून काढले, हे पुढे उघडकीस आले. निष्कर्ष मात्र टिकला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० नंतरच्या दशकात पटलाच्या दोन काळ्या रेघा दाखविल्या. मेदाच्या तरल थरात प्रथिने जडविलेली आहेत, हे आज वर्गात शिकविले जाणारे चित्र सिंगर व निकल्सन यांनी १९७२ साली मांडले. या चित्रापुढे ‘अर्धपारगम्य’ हे विशेषण तोकडे पडते. ते फेफर यांच्या भांड्यातील निर्जीव पटलाला शोभणारे आहे. ‘निवडक्षम’ हे अधिक योग्य होय. सोडियम पेशीबाहेर काढून पोटॅशियम आत घेणारे प्रथिन स्कोऊ यांनी १९५७ सालीच खेकड्याच्या मज्जातंतूंत शोधले होते. असे कार्य नुसत्या चाळणीचे नव्हे. पाण्याची वाट सर्वांत उशिरा सापडली. तांबड्या रक्तपेशींच्या अभ्यासात पीटर ॲग्रे यांच्या हाती एक अपरिचित प्रथिन लागले. १९९२ साली ते बेडकाच्या अंडपेशीत तयार करवून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अंडपेशी सौम्य द्रावणात ठेवली, तेव्हा ती भराभर फुगून फुटली. ज्या अंडपेशींत हे प्रथिन नव्हते, त्या जवळजवळ होत्या तशाच राहिल्या.